दंड पाचशेचा, वॉरंट आजन्म

भिलाईच्या पोलाद कारखान्यात आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे घालवलेला मराठी कर्मचारी निवृत्त होतो, सेक्टरमधील क्वार्टर रिकामे करतो आणि गोंदिया, भंडारा किंवा नागपूरकडे परततो. त्याच्या मोटारीच्या पाटीवर मात्र 'सीजी ०७' हीच दुर्ग जिल्ह्याची अक्षरे राहतात आणि नोंदणीपत्रावर पत्ताही त्याच क्वार्टरचा राहतो. कधी काळी सुपेल्यात गाडी चुकीच्या जागी उभी केल्याचे चलान त्या पत्त्यावर जाते. पाठोपाठ न्यायालयाचे समन्सही तेथेच जाते. क्वार्टरमध्ये तोवर दुसरे बिऱ्हाड आलेले असते. दुर्गच्या न्यायालयात आरोपी गैरहजर असल्याची नोंद होते, पुढल्या तारखेला पुन्हा तीच नोंद होते आणि अखेर वॉरंट निघते. ज्याच्या नावे ते निघाले, त्याला आपण आरोपी आहोत हेही ठाऊक नसते.

हा प्रवास कल्पनेतला असला तरी त्याची प्रत्येक पायरी कायद्यात आहे. दोष सर्वस्वी यंत्रणेचा आहे, असेही म्हणता येत नाही. पत्ता बदलल्यास तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ ने मालकावर घातले आहे. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी, असे कलम ४७ सांगते. बदलीच्या नोकरीत असणारे अधिकारीही हे नियम किती काटेकोरपणे पाळतात, हे सर्वांना माहीत आहे. परंतु पत्ता न बदलणे हा निष्काळजीपणा झाला. न्यायालयाच्या आदेशाची अवज्ञा ही त्याहून फार वेगळी गोष्ट असून वॉरंट हे अवज्ञेवरचे शस्त्र आहे. येथे ते निष्काळजीपणावर चालवले जाते.

रकमेकडे पाहिले म्हणजे ही विसंगती अधिकच बोचते. कायद्यातील सर्वसाधारण दंड, म्हणजे कलम १७७ खालचा, १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या वेळी पाचशे रुपये आहे. सीटबेल्ट न लावल्याबद्दल हजार. या गुन्ह्यांना तुरुंगवासाची शिक्षाच नाही. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने सहसा घेऊ नये, अशी मुदतही कायद्याने घातली आहे. वॉरंटला मात्र मुदत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७० आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२ एकच गोष्ट सांगतात : वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा काढणारे न्यायालय ते रद्द करेपर्यंत जिवंत राहते. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी एक दिवसाचीही कैद देता येत नाही, त्याच्यापायी एखाद्याच्या अटकेचा कागद त्याच्या मृत्यूपर्यंत पोलिस ठाण्यात पडून राहू शकतो.

या साचलेल्या प्रकरणांवर राज्यकर्त्यांना सुचलेला उपाय एकच, तो म्हणजे माफी. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकीस्वारांना थकीत दंडाच्या चौथाई रकमेवर मोकळे केले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी सूट दिली आणि काही दिवसांत शंभर कोटींहून अधिक रुपये तिजोरीत जमा झाले. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतील न्यायालयांत पडून असलेली चलानेच निकालात काढली. हे राजकारण समजण्यासारखे आहे. मोटार वाहने हा समवर्ती सूचीतला विषय. दंडाचे आकडे दिल्लीत ठरतात, आणि ते वसूल करताना मतदाराचा रोष मात्र राज्य सरकारच्या वाट्याला येतो. तेव्हा दंड वाढवण्याचे श्रेय केंद्राने घ्यावे आणि माफ करण्याचे राज्याने, अशी ही सोयीची वाटणी आहे. यात ज्याने पहिल्याच आठवड्यात निमूटपणे पैसे भरले तो मूर्ख ठरतो, आणि समन्स कोणत्या पत्त्यावर गेले या मूळ प्रश्नाला कोणी हात लावत नाही.

दुसरे टोक कोठे नेते, हे अमेरिकेतील फर्ग्युसन शहराने दाखवले. तेथील न्याय खात्याच्या मार्च २०१५ च्या अहवालानुसार, सुमारे एकवीस हजार वस्तीच्या या गावातील न्यायालयाने काढलेली अटक वॉरंटे सोळा हजारांवर लोकांच्या नावे थकीत होती आणि त्यांतील बहुतेक प्रकरणे वाहतुकीच्या वा तत्सम किरकोळ गुन्ह्यांची होती. पालिकेने न्यायालयाला उत्पन्नाचे साधन केले होते. अखेर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या न्यायाधीशाने २०१४ अखेरपर्यंतची सर्व वॉरंटे मागे घेतली. भिलाईची स्थिती तशी नाही. पण कॅमेऱ्यांद्वारे वाहतूक नियमनासाठी केंद्राने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या १३२ शहरांच्या यादीत भिलाई आहे. हवालदार दिवसाकाठी जेवढी चलाने फाडतो, त्याच्या कित्येक पटींनी कॅमेरा फाडतो. चलानांची संख्या यंत्राच्या वेगाने वाढावी आणि समन्सची बजावणी शिपायाच्या सायकलने व्हावी, यातून वॉरंटेच निपजणार.

वास्तविक कायद्याने यावर फार साधा मार्ग पूर्वीच दिला आहे. कलम २०८ नुसार, ज्या वाहतूक गुन्ह्याला कैदेची शिक्षा नाही त्याच्या समन्सवर न्यायालयाने हे नमूद केलेच पाहिजे की आरोपी हजर न राहता गुन्हा कबूल करून नेमलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवू शकतो. हे ऐच्छिक नाही. मनीऑर्डरचा जमाना सरला. तिची जागा आभासी न्यायालयांनी घेतली. महाराष्ट्रातील असे पहिले न्यायालय नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते सुरू झाले आणि छत्तीसगडनेही तोच मार्ग धरला. सोय उत्तम आहे. परंतु निरोप मोबाइलवर येतो, आणि नोंदणीच्या वेळी एजंटाने स्वतःचाच क्रमांक टाकला असेल तर तो एजंटाकडेच राहतो. जुन्या क्वार्टरची जागा आता जुन्या क्रमांकाने घेतली, एवढाच फरक.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात बजावले की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तेही निष्फळ ठरल्यावरच अजामीनपात्र वॉरंट काढावे. समन्स खरोखर पोहोचले की नाही हे तपासल्याशिवाय ही शिडी चढता कामा नये. वाहन मालकाचा सध्याचा पत्ता परिवहन खात्याच्या विमा व प्रदूषण प्रमाणपत्राच्या नोंदींवरून शोधणे आज अवघड नाही. तो न शोधताच वॉरंटवर सही होत असेल, तर जिल्हा न्यायाधीशांनी वर्षातून एकदा अशा वॉरंटांचा आढावा घेऊन केवळ दंडाच्या गुन्ह्यांतील जुनी वॉरंटे स्वतःहून रद्द करावीत. यासाठी ना अध्यादेश लागतो, ना माफीची घोषणा.

तोवर परगावी स्थिरावलेल्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. दुर्गचे वॉरंट गोंदियात बजावले गेले, तर सरळ दुर्गला नेण्याचा प्रघात कायद्याला मान्य नाही. काढणारे न्यायालय तीस किलोमीटरच्या आत नसेल तर अटक झालेल्यास स्थानिक दंडाधिकारी वा वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि गुन्हा जामीनपात्र असल्यास तेथेच जामीन मिळतो. जामीनदार त्याच जिल्ह्याचा हवा, हा आग्रहही गैर आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ज्या मोतीराम प्रकरणात सांगितले, ते अविभाजित मध्य प्रदेशातलेच होते : एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला होता.

दुसरी गोष्ट अधिक कटकटीची आहे. दंड भरल्याने वॉरंट आपोआप मरत नाही. ज्या न्यायालयाने काढले त्याच्याकडे, वकिलामार्फत का होईना, अर्ज करून ते रद्द करून घ्यावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही. मुंबईतील एका वकिलाने ऑगस्ट २००२ मध्ये आपल्यावरील वॉरंट रद्द करून घेतले होते. तरीही त्याच महिन्याच्या १५ तारखेला, स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी त्याला पकडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ मध्ये वॉरंटांच्या क्रमांकांचे व नोंदवह्यांचे नियम घालून देण्यात आले. आजही शहाणा वकील अशिलाला सांगतो तो सल्ला हाच : रद्द केल्याच्या आदेशाची प्रमाणित नकल दुर्गहून घ्यावी, एक प्रत भिलाईच्या संबंधित ठाण्यात पोच घेऊन द्यावी आणि दुसरी गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.