कांतीचे विज्ञान, कष्टाची कातडी

पुण्याच्या बाजारपेठेत गेल्या काही वर्षांत एक नवा माल मोठ्या दिमाखाने आला आहे. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडवर पूर्वी स्नो, पावडर आणि गोरे करणारी क्रीमे विकली जात आणि त्यांच्या डब्यांवर एखाद्या नटीचे हसरे चित्र असे. विमाननगर आणि वाकड येथील भव्य मॉलमधून आज जो माल मांडला जातो त्याच्यावर चित्राच्या जागी रसायनशास्त्राच्या पुस्तकातील शब्द असतात : नायसिनमाइड, रेटिनॉल, हायलुरॉनिक आम्ल, पेप्टाइड. कोणते द्रव्य किती टक्के आहे याचा आकडाही ठळकपणे छापलेला असतो. ३० मिलीलिटरच्या देशी बाटलीला ५०० ते ६०० रुपये पडतात. परदेशी कंपन्यांच्या कुपीची किंमत १०,००० रुपयांच्या घरात जाते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे यातील सर्वांत स्वस्त बाटलीसाठीही मजूर स्त्रीला जवळजवळ दोन दिवस माती वाहावी लागेल.

हा बाजार किती वाढला आहे याची साक्ष मोठ्या भांडवलाच्या हालचाली देतात. २०२० साली जयपूरमध्ये निघालेल्या ‘मिनिमलिस्ट’ या कंपनीचा ९०.५ टक्के हिस्सा सुमारे २,६७० कोटी रुपयांना विकत घेण्याचा करार हिंदुस्थान युनिलिव्हरने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला. पुण्याशेजारी चाकणला ज्या कंपनीचा कारखाना आहे त्या फ्रेंच लॉरिअलने त्वचारोगतज्ज्ञांच्या शिफारशीवर चालणाऱ्या प्रसाधनांचा स्वतंत्र विभाग २०२३ साली भारतात उघडला. विज्ञान हा आता जाहिरातीतील सर्वांत महाग शब्द झाला आहे.

या प्रश्नाकडे पाहताना पुरोगामी कार्यकर्त्यांकडून दोन चुका होण्याचा संभव आहे. पहिली चूक उपहासाची. चेहऱ्याला काहीतरी लावणाऱ्या मुलीला हिणवणे म्हणजे समाजवाद नव्हे. ती पुरुषी सोवळेपणाचीच एक तऱ्हा आहे. जिच्या नोकरीचे, लग्नाचे आणि घरातील मानाचेही मोल तिच्या रूपावरून ठरवले जाते, ती स्त्री रूपाची चिंता करते यात तिचा दोष कोणता? दुसरी चूक म्हणजे हे सारे थोतांड आहे असे म्हणून मोकळे होणे. ते खरे नाही. रेटिनॉलच्या वर्गातील औषधांनी मुरुमे बरी होतात, उन्हाने बिघडलेली त्वचा काही अंशी सुधारते. नायसिनमाइडचाही मर्यादित का होईना, उपयोग आहे. म्हणून प्रश्न विज्ञान खरे की खोटे एवढाच नाही. हे विज्ञान कोणाच्या दुःखातून निर्माण झाले आणि आज ते कोणाच्या सेवेस जुंपले आहे, हा खरा प्रश्न आहे.

नायसिनमाइडचेच उदाहरण घ्यावे. हे द्रव्य म्हणजे ‘ब’ गटातील तिसरे जीवनसत्त्व. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगाची कातडी काळवंडे, भेगाळे. पुढे अतिसार, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू येई. हा संसर्गजन्य रोग आहे अशी तज्ज्ञांची समजूत होती. १९१४ पासून पुढे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी कापडगिरण्यांच्या वस्त्या, अनाथालये आणि तुरुंग यांत संशोधन करून दाखवून दिले की, पेलाग्रा हा निकस आहाराचा, म्हणजे पर्यायाने दारिद्र्याचा रोग आहे. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजम यांनी त्यावरचे नेमके द्रव्य शोधले. दख्खनच्या पठारावर ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या गरिबांतही हा रोग होता. १९६० च्या सुमारास हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून ज्वारीतील ल्यूसिन या घटकाकडे बोट दाखवले. त्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. परंतु ज्याला भाकरीबरोबर डाळ, दूध वा मांस मिळते त्याला हा रोग सहसा होत नाही, याविषयी दुमत नव्हते. ज्या द्रव्याच्या अभावी शेतमजुरांच्या हातांची सालपटे निघत होती, तेच द्रव्य आज मॉलमध्ये तेज वाढवण्यासाठी थेंबाथेंबाने विकले जाते. शोध सार्वजनिक पैशाने लागला, त्याची किंमत दरिद्री माणसांच्या देहांनी मोजली, आणि नफा मात्र बाटली भरणाऱ्याच्या पदरात पडला.

रेटिनॉलच्या वर्गाची कथा याहून भीषण आहे. या वर्गातील ट्रेटिनॉइन हे औषध डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांच्या नावाशी जोडलेले आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी कैद्यांच्या त्वचेवर असंख्य प्रयोग केले. त्या कैद्यांत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती आणि थोड्याशा डॉलरांसाठी ते पाठ पुढे करीत. अंगाला काय लावले जात आहे याची पुरेशी माहिती त्यांना दिली जात नसे. ज्या विद्यापीठात क्लिगमन काम करीत त्या विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली या प्रकाराबद्दल माफी मागितली. तोवर बहुतेक बळी हयात नव्हते. औषध आणि प्रसाधन यांचा संकर दर्शवणारा ‘कॉस्मेस्युटिकल’ हा शब्द रूढ केला तो याच क्लिगमन यांनी.

हा संकर कंपन्यांना अतिशय सोयीचा ठरला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या दृष्टीने वस्तू एकतर औषध असते किंवा प्रसाधन. मधला असा वर्गच नाही. औषधाला परिणाम सिद्ध करावा लागतो. प्रसाधनाने दिशाभूल करणारा दावा करू नये असे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम सांगतात, परंतु परिणामाचा पुरावा आधी सादर करा असे सांगत नाहीत. साहजिकच कंपनी ऐट मिरवते औषधाची आणि जबाबदारी पत्करते पावडरीची! त्वचा उजळ करण्याच्या दाव्यांना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याखाली आणण्याचा आणि वारंवार गुन्हा करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद व ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा मसुदा केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यामागून कायदा मात्र आला नाही.

गोरेपणाचा हा विषय येथे निघणे अपरिहार्य आहे, कारण नव्या बाजाराचा पाया जुन्याच बाजाराने घातला. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. सावळ्या मुलीला नोकरी आणि नवरा मिळत नाही, हे तिच्या मनावर तिने दशकानुदशके बिंबवले. जगभर वर्णद्वेषाविरुद्ध असंतोष उसळल्यावर २०२० साली त्या नावातील ‘फेअर’ शब्द गळला. त्या क्रीममधील मुख्य क्रियाशील द्रव्य नायसिनमाइडच होते! त्याच द्रव्याची बाटली विकणारी नवी कंपनी आज त्याच जुन्या कंपनीच्या पदरी आहे. गरिबाच्या मुलीला पाच-दहा रुपयांच्या पुडीतून आणि सुशिक्षिताच्या मुलीला काचेच्या बाटलीतून एकच न्यूनगंड विकण्याची ही व्यवस्था आहे. पहिलीला ‘तू गोरी नाहीस’ असे सांगितले जाते, दुसरीला ‘तुझी त्वचा सदोष आहे’ असे. भाषा सुधारली, नाडी तीच राहिली.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. गोऱ्या कातडीची महती ही सौंदर्यशास्त्राची नसून गोऱ्यांच्या राज्यसत्तेची देणगी आहे. सत्ता आफ्रिकेकडे असती तर कवींनी काळ्या रंगाचेच गोडवे गायिले असते, असा त्यांचा आशय होता. महाराष्ट्राला तर हे सांगण्याचीही गरज पडू नये. दरवर्षी ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा सारे शहर सावळ्या विठ्ठलाच्या ओढीने निघालेल्या, उन्हाने रापलेल्या माणसांच्या पाया पडते. आणि त्याच शहरातील विवाहविषयक जाहिरातींत वधू मात्र ‘गोरी’ पाहिजे असते! वारकऱ्याच्या पायावर डोके ठेवणाऱ्याने घरातील सावळ्या मुलीच्या डोळ्यांतही कधी पाहावे.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे. ज्या मॉलमध्ये हा माल विकला जातो तो मॉल आणि ज्या वसाहतीत तो वापरला जातो ती वसाहत बांधणाऱ्या मजुराची त्वचा कशी आहे? ओल्या सिमेंटने हात फाटतात, बोटांना जखमा होतात. सिमेंटमधील क्रोमियमच्या एका विषारी रूपाची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा सुटत नाही आणि कित्येकांना धंदाच सोडावा लागतो. यावरचा उपाय विज्ञानाला चांगला ठाऊक आहे : सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळले की हे क्रोमियम बहुतांशी निरुपद्रवी होते. डेन्मार्कने १९८३ साली आणि युरोपीय संघाने २००५ पासून ते सक्तीचे केले. त्वचेचे विज्ञान हेही आहे. परंतु त्याला चकचकीत बाटली नाही आणि त्याची जाहिरात करणारी नटी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने रसायनांमुळे होणारा त्वचादाह नोंदणीयोग्य व्यवसायजन्य रोगांत धरला होता. पण तो कायदा कारखान्यापुरता, आणि परातीवर राबणारा मजूर त्याच्या कुंपणाबाहेरच राहिला.

गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायट्याची चिवट साथ पसरली आहे. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीला संशोधकांनी २०२० साली जे नाव दिले त्यात भारताचेच नाव गुंफलेले आहे. दाटीवाटीच्या खोल्या, अपुरे पाणी, घामाने भिजलेले कपडे हे या साथीचे खतपाणी. कामाची एक पाळी बुडवून दवाखान्यात जाणे न परवडणारा मजूर दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणतो. खाज दोन दिवस थांबते, रोग चौपट पसरतो आणि कातडी पातळ होते. अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे फर्मान २०१८ साली निघाले. त्याची अंमलबजावणी किती होते हे कोणत्याही वस्तीतील कार्यकर्त्याने शेजारच्या दुकानात जाऊन पाहावे.

विज्ञानाला दुसरी दिशा देता येते हेही पुणे परिसरानेच एकदा दाखवले आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला. १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथील प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे त्या औषधाला मिळाली आणि ज्या जिवाणूपासून ते मिळवले त्याला पिंपरीचे नाव लाभले. मजुराच्या अंगावरील बुरशीविरुद्ध मजुरांच्याच गावी शोधलेले हे औषध होते. पुढे धोरणे बदलली, कारखाना आजारी पाडला गेला, कामगारांचे पगार महिनोनमहिने थकले. आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जास्तीची जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केला. ज्या देशात एका प्रसाधन कंपनीसाठी अडीच हजार कोटींहून अधिक रुपये सहज उभे राहतात, त्या देशात पेनिसिलिनच्या कारखान्याला जमीन विकून जगावे लागते! भांडवलाच्या वाटपाचा निर्णय नफ्यावर सोपवला म्हणजे याहून निराळे काही घडत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जे प्रसाधन औषधासारखा दावा करील त्याने औषधासारखा पुरावा आधी सादर करावा. रंगाच्या जाहिरातींविषयीचा २०२० चा मसुदा कायद्यात उतरवावा. सिमेंटमधील क्रोमियमवर मर्यादा घालावी, आणि बांधकामाच्या खर्चावर जो उपकर गोळा होतो त्यातून मजुरांना हातमोजे, धुण्यासाठी स्वच्छ पाणी आणि त्वचारोगांवर मोफत उपचार मिळावेत. महापालिकेच्या दवाखान्यांत ठरावीक दिवशी त्वचारोगतज्ज्ञ बसावेत. पिंपरीच्या कारखान्यावर बुरशीनाशके आणि उन्हापासून रक्षण करणारी स्वस्त मलमे बनवण्याची जबाबदारी सोपवून त्याला भांडवल द्यावे. रस्ता झाडणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या आणि भर उन्हात घरोघरी माल पोचवणाऱ्या माणसाला ऊन लागतेच. त्याच्या त्वचेला संरक्षण म्हणजे चैन नव्हे.

यांपैकी कित्येक कामांसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. वस्तीत त्वचारोगांची तपासणी शिबिरे भरवणे, स्टेरॉइडच्या मलमांचा धोका समजावणे, बांधकामावर हातमोजे आणि पाणी यांची मागणी लावून धरणे, हे कोणत्याही शाखेला उद्यापासून करता येण्याजोगे आहे. कांती सर्वांनाच हवी असते आणि ती हवी असण्यात गैर काही नाही. परंतु ज्या शहरात एकीच्या गालावरील डाग हा संशोधनाचा विषय होतो आणि दुसरीच्या हातावरील जखम हे तिचे नशीब ठरते, त्या शहरात विज्ञानाचा नव्हे, विषमतेचाच विजय झालेला असतो.