मुक्त शेतीशाळांचा जाहीरनामा

आम्ही नाशिक जिल्ह्यातले शेतकरी, शेतमजूर आणि शेतीचे विद्यार्थी आजपासून एक चळवळ सुरू करत आहोत. तिचा वारसा आम्ही डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्याकडून घेतला आहे.

त्यांचा पुतळा आम्हाला नको. नाशिकच्या चौकांत पुतळे पुष्कळ आहेत.

वर्ध्यात जन्मलेले खानखोजे ऐन विशीत देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकता शिकता भारताच्या स्वातंत्र्यासाठीच्या गदर चळवळीच्या उभारणीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढायला गेले. पुढे बर्लिन, मॉस्को. मायदेशी परतणं म्हणजे फास किंवा अंदमान. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. तिथल्या शेतकऱ्यांनी नुकतीच जमिनीसाठी क्रांती केली होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात आणलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, 1967 मध्ये नागपुरात वारले.

गदरपेक्षाही या शाळा आम्हाला मोठ्या वाटतात. क्रांतीने जमीन मिळते. ती राखायला अक्कल लागते, आणि अक्कल उसनी घेतली तर जमीनही हळूहळू उसनीच होते.

मार्च 2018 मध्ये आपल्या जिल्ह्यातले आदिवासी शेतकरी वनपट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले. पट्टा हाती आल्यावर पुढे काय? वाण कोणतं, ते दुकानदार सांगतो. औषध कोणतं, किती, तेही तोच सांगतो. बिलही तोच फाडतो. मका अमेरिका खंडातून आला. त्याच्यामागे 2018 मध्ये तिथलीच लष्करी अळी भारतात पोचली. पोंग्यातली अळी कोणती, हे विचारायला आजही आम्ही मोबाइलमधला फोटो घेऊन काउंटरपुढे उभे राहतो. या उभं राहण्याची आम्हाला लाज वाटते.

म्हणून शाळा बांधावर भरेल. फी नाही. पेरणी, निंदणी, काढणी बहुतेक बायाच करतात, तेव्हा तासाची वेळ त्या ठरवतील. सुरगाण्यात शिकवणं कोकणा बोलीत होईल. प्रत्येक शाळेच्या वावरात घरचं बियाणं, विद्यापीठाचं वाण आणि कंपनीचं वाण शेजारी शेजारी पेरलं जाईल. बियाण्याचा खर्च, फवारण्या, मजुरी, उतारा, सगळं एका वहीत, आणि ती वही कुणालाही उघडून बघता येईल. संकरित बियाण्याशी आमचं वैर नाही. खानखोजे स्वतः मक्याचे सुधारित वाण घडवणारे होते. पण त्या वहीत बघितल्याशिवाय पिशवी फोडायची नाही.

कंपन्यांचे बॅनर, टोप्या, चहापाणी घेणार नाही. कृषी सहायक, प्राध्यापक, आमदार, सगळ्यांना दार मोकळं आहे. बसायचं मात्र तळवटावर, इतरांबरोबर.

पहिली शाळा येत्या खरिपाआधी येवला तालुक्यात, मक्यावर. दुसरी सुरगाण्यात, नागलीवर. ज्याला जमेल त्याने दोन गुंठे मोकळे ठेवावेत. फळा आणि वही आम्ही आणतो.