पाणी कोणते, तेही सांगा

लिंबू-सोड्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ पडले की सोडा फसफसून वर येतो. वायू पाण्यात आधीपासूनच असतो. मिठाचे कण त्याला बुडबुडा धरायला जागा देतात, एवढेच. जहाजाच्या प्रोपेलरपाशी घडते ते याच जातीचे. मात्र तिथले नुकसान सोडा सांडण्यावर थांबत नाही.

प्रोपेलर वेगाने फिरताना पात्याच्या एका बाजूवर दाब इतका घसरतो की थंड पाण्याचीच वाफ होते. वाफेच्या या पोकळ्या पुढे जास्त दाबात सापडून कोसळतात. त्या धक्क्यांनी धातूची पाती कुरतडली जातात आणि पाण्याखाली प्रचंड गोंगाट होतो. हेच कॅव्हिटेशन. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या बोटीचा वेग सुरुवातीला यानेच रोखला होता. 1895 साली त्यांनी त्याच्या अभ्यासासाठी छोटा जलबोगदा बांधला. पुढे तीन दांड्यांवर नऊ प्रोपेलर बसवले, तेव्हा कुठे बोट 34 नॉटपर्यंत पोहोचली.

पण ‘दाब घटला की वाफ’ हे अर्धेच सत्य आहे. बुडबुडे काढून टाकलेले स्वच्छ पाणी दाब बराच उतरला तरी तग धरते. वाफेची सुरुवात होते ती आधीपासून तरंगत असलेल्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या हवेच्या बुडबुड्यांपासून. समुद्रात लाटा अशी हवा सतत कालवत असतात. प्रयोगशाळेच्या बोगद्यातले पाणी मात्र बहुधा वायू काढून घेतलेले. साहजिकच तिथे शांत राहिलेला प्रोपेलर समुद्रात अपेक्षेपेक्षा आधीच तडतडू लागतो. 1966 साली एकाच आकाराचे नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांत तपासले गेले, तेव्हा कॅव्हिटेशन कधी सुरू होते याची उत्तरे जागोजागी वेगळी आली. नमुना तोच होता, पाणी वेगळे होते!

म्हणून ‘अमुक वेगापर्यंत आवाज नाही’ असा दावा करणाऱ्याने चाचणीच्या पाण्यात बुडबुडे किती आणि केवढे होते, हे सांगायलाच हवे. विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा देऊन भागत नाही. विरघळलेली हवा वेगळी, मोकळा बुडबुडा वेगळा. मोजणी महाग आणि किचकट आहे, हे खरे. कॅव्हिटेशन पूर्ण भरात आल्यावर बुडबुड्यांच्या संख्येने फारसे बिघडत नाही, हेही खरे. पण पाणबुडीला लपायचे असते ते नेमके सुरुवातीच्या टप्प्यात. देवमासे एकमेकांना ज्या आवाजांनी साद घालतात, ते बुडवणाऱ्या जहाजी गोंगाटातही प्रोपेलरचा वाटा मोठा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2014 मध्ये हा गोंगाट कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती ऐच्छिक आहेत. उद्या ती सक्तीची झाली, तर जहाजाला शांततेचा दाखला कोणत्या पाण्यावर द्यायचा? टास्मानियात लॉन्सेस्टन येथील सागरी महाविद्यालयाच्या बोगद्यात सूक्ष्म बुडबुडे मोजूनमापून सोडता येतात. म्हणजे हे जमत नाही, अशी सबब उरलेली नाही.