आईच्या तोंडातलं घर



परवा वर्गात आफ्रिकेचा नकाशा टांगला होता. एकाने उजवीकडच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, ही नदी एवढी जाड कशी?" अरे, नदी कसली, ते मलावी सरोवर! चला, आज तिथेच जाऊ या. तिकीट नको, पासपोर्ट नको, नकाशा तेवढा उघडा ठेवा.

लांबी सुमारे ५८० किलोमीटर. मुंबईहून रस्त्याने पणजीला पोचेपर्यंत शेजारी पाणीच पाणी, असं समजा! खोली सुमारे ७०० मीटर. काठावर तीन देश: मलावी, मोझांबिक आणि टांझानिया. टांझानियात याला न्यासा म्हणतात. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८५९ साली इथे आला. गंमत अशी, की तिथल्या भाषेत 'न्यांजा' म्हणजेच सरोवर. म्हणजे झालं काय, सरोवर सरोवर!

दक्षिण टोकाला केप मॅक्लिअर हे गाव आहे. तिथे एका खोडातून कोरलेल्या होडीत बसायचं. नावाडी शीळ घालून मासा वर फेकतो, की पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड झेपावलाच म्हणून समजा. पाणघोडे आणि मगरीही या सरोवरात आहेत, त्यामुळे पाण्यात उतरायचं ते गावकऱ्यांना विचारूनच.

पण खरी मजा पाण्याखाली. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे सिक्लिड जातीचे मासे! त्यांचे सातशेहून जास्त प्रकार इथे आहेत, आणि बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. त्यांच्यासाठीच इथल्या राष्ट्रीय उद्यानाला १९८४ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यातला एक तर पक्का नाटक्या. तळाशी मेल्यासारखा आडवा पडतो. छोटे मासे टोचायला आले, की गट्टम्!

आणि इथल्या बहुतेक माशांची आई अंडी तोंडात धरते. दोन-तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते, बरं का! पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला, की काही जातींत ती परत आईच्या तोंडात शिरतात.

संध्याकाळी होड्या दिवे घेऊन निघतात. उजेडाला उसिपा नावाचे बोटाएवढे मासे जमतात. सकाळी ते लांबच लांब मांडवांवर वाळत घातलेले दिसतात. वास थेट आपल्या कोकणातला! सोबत खायला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. कधी कधी सरोवरावर धुराचे खांब दिसतात. ती आग नव्हे, चिलटांचे थवे असतात. लोक ती गोळा करून त्यांच्या वड्या थापतात. नाकं मुरडू नका, पोटात चांगली प्रथिनं जातात.

ताटातला राजा मात्र चांबो. तोही तोंडात पिल्लं सांभाळणाऱ्यांपैकीच. एकेकाळी भरपूर मिळायचा, पण गेल्या काही दशकांत फार कमी झाला. माणसं वाढली, जाळी वाढली, जाळ्यांची भोकं बारीक झाली. कोकणात रापण ओढतात ना, तशीच तिथेही काठावरून जाळी ओढतात. काही ठिकाणी तर मच्छरदाण्या एकमेकींना शिवून ओढतात! त्यातून आई सुटत नाही, तिच्या तोंडातलं पिल्लूही सुटत नाही. मच्छरदाणी मुळात मलेरियापासून वाचायला. तो आजार तिथे लहान मुलांचा मोठा शत्रू आहे.

म्हणून वर्षातले काही महिने मोठी ओढजाळी बंद ठेवायचा नियम आहे. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तसाच. गावागावांत कोळ्यांच्या समित्याही नेमल्या आहेत.

हे सांगून झालं, तेव्हा वर्गात एक मुलगी उठली. तिचे बाबा मासे विकतात. "बाई, बंदीच्या दिवसांत त्यांच्या घरी काय शिजतं?"

मी सांगितलं, मका असतो, कसावा असतो, शेंगदाणे असतात. ती म्हणाली, "आणि पाऊस नाही पडला तर?"

तेवढ्यात घंटा झाली. पण ती जागेवरच बसून राहिली, नकाशाकडे बघत.

तुमच्या बाई