जलपर्णीचा धागा घेण्यापूर्वी

जलपर्णीपासून धागा निघतो, साडी विणली जाते, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत वरचेवर येत आहेत. झारखंड-बंगालकडे कापसात जलपर्णीचा तंतू मिसळून साड्या विणल्या गेल्या, हे खरे आहे. आपल्याकडे उल्हास, पवना, इंद्रायणी या नद्यांत ही वनस्पती माजते आणि ती काढण्यासाठी महापालिका पैसे मोजतात. त्यामुळे "कच्चा माल फुकट, मग नफाच नफा" असा हिशेब कारखानदार बांधव मांडू लागले आहेत. माझ्या मते हा हिशेब कच्चा आहे. भांडवल घालण्यापूर्वी त्या दांड्यात काय आहे, हे विचारले पाहिजे.

रसायनाचे नाव काढले की आपले लोक बिचकतात. पण कॉस्टिक सोड्यात कापड उकळणाऱ्या आपल्या रंगाऱ्याला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. कोणत्याही वनस्पतीच्या तंतूत मुख्य वस्तू तीन. सेल्युलोज म्हणजे खरा धागा, त्याच्यातच ताकद. हेमिसेल्युलोज हा मऊ भाग, तो ओल ओढतो आणि सोड्यात विरघळतो. लिग्निन हा लाकडाचा कडकपणा, त्याने माल पिवळा पडतो. शिवाय पेशींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा डिंक. कापसात सेल्युलोज शेकडा ९० च्या वर आणि लिग्निन जवळजवळ नाहीच. तागात सेल्युलोज ६० च्या आसपास आणि लिग्निन १२ ते १४.

जलपर्णीचे काय? ज्याला आपण दांडा म्हणतो तो खरे तर पानाचा देठ. पाण्यावर तरंगायचे म्हणून आत हवेचे कप्पे, स्पंजासारखे. पाणीच आधार देते, तेव्हा झाडाला मजबूत तंतूची गरज कमी. ताज्या वनस्पतीत शेकडा ९५ च्या आसपास पाणी असते. म्हणजे १०० किलो ओला माल उचलला, वाहिला, वाळवला की हातात उरतो ५ किलो. त्यात सेल्युलोज साधारण पाव हिस्सा, म्हणजे सव्वा किलो. कातण्याजोगा तंतू त्याहूनही कमी. माल फुकट असेल, पण पाणी वाहून नेण्याचे भाडे फुकट नसते.

इथेच एक चलाखी होते. विक्रेता कागदावर "सेल्युलोज ६० टक्के" असे दाखवतो. आकडा खोटा नसतो, पण तो सोड्याने धुतलेल्या तंतूचा असतो, कच्च्या देठाचा नव्हे. धुलाईत वजन किती घटले हे तो सांगत नाही. सोडा जास्त दिला तर आणखी पंचाईत. या तंतूच्या मूळ पेशी फार आखूड, डिंकानेच एकमेकींना धरून असतात. सगळा डिंक गेला की धागा उरत नाही, लगदा होतो. तो कागदाला चालेल, मागावर नाही.

मग पाणथळीतली वनस्पती निरुपयोगी काय? मुळीच नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात पत्तमडै नावाचे गाव आहे. तिथली लब्बे मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोरै गवताच्या चटया विणतात. हे गवत आपल्या लव्हाळ्याच्या जातीचे, काडी तीनधारी. तिच्या सालीत तंतू दाटीने असतात आणि थोडी सिलिकाही असते. आतला गाभा मात्र भुसभुशीत. हे कारागीर काडी चिरतात, गाभा खरवडून टाकतात, वाहत्या पाण्यात काही दिवस भिजवतात, वाळवून पुन्हा बारीक चिरतात. ताणा सुताचा, बाणा कोरैचा. उत्तम चटई कापडासारखी घडी घेते. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली नसेल, पण काडीचा कोणता भाग ठेवायचा आणि कोणता फेकायचा हे त्यांच्या बोटांना कळते. काडीचे सूत कातायचा हट्ट त्यांनी धरला नाही. मणिपूरमध्येही कौना नावाच्या पाणगवताच्या अख्ख्या काड्यांच्या चटया आणि आसने बनतात.

जलपर्णीचेही तसेच आहे. देठ अख्खा वाळवून, वळून, वेणी घालून टोपल्या, आसने, पिशव्या कराव्यात. त्यात भांडवल थोडे लागते आणि घरच्या महिलांच्या हातांना काम मिळते. मात्र हेमिसेल्युलोजमुळे माल ओल धरतो, पावसाळ्यात बुरशी येते. तेव्हा कडक उन्हात वाळवल्याशिवाय गोदामात भरू नये. कारखान्यांच्या सांडपाण्यातली जलपर्णी तर घेऊच नये. ती शिसे, कॅडमियमसारखे धातू शोषते, मुळात सर्वाधिक. अशा मालाच्या टोपलीत कोणी रोटी ठेवली तर जबाबदार कोण?

ज्यांना धाग्यातच उतरायचे आहे त्यांनी मिश्रण तपासून घ्यावे. पॉलिएस्टर-कॉटनमध्ये गंधकाम्लाने कापूस विरघळवून प्रमाण काढता येते. इथे ते जमत नाही, कारण कापूस आणि जलपर्णी दोन्ही सेल्युलोजच, दोन्ही विरघळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजावे लागतात. म्हणजे "२५ टक्के जलपर्णी" असा शिक्का मारून ५ टक्के घालणाऱ्याला पकडणे गिऱ्हाईकाला जवळपास अशक्य. मुंबईत माटुंग्याला सिरकॉट आणि घाटकोपरला बीट्रा या संस्था तंतूंवर काम करतात. बयाणा देण्याआधी नमुना तिथे दाखवावा. विक्रेत्याकडून ओले वजन, सुके वजन आणि धुलाईनंतरचे वजन, तिन्ही आकडे लेखी घ्यावेत.