नित्यकर्मातील ईशसान्निध्य

नाताळ आला की ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी तारे झळकू लागतात, गव्हाणीतील बाळाचा देखावा मांडला जातो आणि मध्यरात्रीच्या उपासनेस चर्च माणसांनी फुलून जाते. शेजारधर्मास अनुसरून आपल्या घरीही फराळाचे ताट येते आणि आपणही शुभेच्छा देऊन येतो. इतकी जवळीक असूनही या धर्माविषयीची एक समजूत आपल्या मनात घर करून बसलेली असते. ती अशी की, ख्रिस्ती माणसाचा देव त्याला रविवारी सकाळी चर्चमध्ये भेटतो आणि उरलेले सहा दिवस त्याचे त्यालाच मोकळे असतात. ज्यांच्या घरी सकाळसंध्याकाळ देवापुढे निरांजन लागते त्यांना ही उपासना तुटपुंजी वाटावी, हे स्वाभाविकच होय. तथापि ही समजूत खरी नाही.

ज्यांचा जन्मोत्सव आज साजरा होत आहे त्या येशू ख्रिस्तांच्या चरित्राकडेच पाहावे. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्यांनी उपदेशास आरंभ केला तो वयाच्या तिशीच्या सुमारास. त्यापूर्वीचा बहुतेक काळ नाझरेथ नावाच्या एका लहानशा गावात गेला. बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात घडलेला एक प्रसंग सोडला, तर बाल्यानंतरच्या या दीर्घ काळाविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौनच पाळतात. गावकरी त्यांना सुतार म्हणून ओळखत, एवढे मार्क सांगून जातो. ज्याला ख्रिस्ती भाविक प्रत्यक्ष देवाचा अवतार मानतात, त्याच्या ऐहिक आयुष्याचा फार मोठा भाग रंधा, करवत आणि लाकडाचा भुसा यांत गेला. या मौनाचा अर्थ ख्रिस्ती साधक शतकानुशतके शोधीत आले आहेत.

पुढे संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात निरंतर प्रार्थना करीत राहावे, असा उपदेश केला. हा उपदेश करणारा पौल स्वतः तंबू तयार करण्याचा धंदा करून पोट भरीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानी येते. दोन्ही हात कामात गुंतले असताना प्रार्थना निरंतर चालावी कशी?

कॅथलिक परंपरेने याचे एक उत्तर घंटेच्या रूपाने दिले. पहाटे, माध्यान्ही आणि सायंकाळी चर्चची घंटा वाजते. देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचे स्मरण करणारी ‘आंजेलस’ ही छोटी प्रार्थना त्या वेळी म्हणावयाची असते. फ्रेंच चित्रकार झां-फ्रांस्वा मिले याने १८५७ ते १८५९ या काळात याच नावाचे एक चित्र रंगविले. बटाट्याच्या शेतात एक पुरुष टोपी हाती घेऊन उभा आहे, शेजारी स्त्री मान लववून हात जोडून उभी आहे. खोरे मातीत रोवलेले, टोपली पायाशी आणि दूर क्षितिजावर चर्चचा बारीकसा मनोरा. काम थांबले आहे, पण शेत सोडून कोणी गेलेले नाही. लहानपणी घंटा ऐकू आली की शेतात राबणारी आपली आजी सर्वांना काम थांबवून प्रार्थना म्हणावयास लावी, या आठवणीतून हे चित्र सुचले, असे मिलेने लिहून ठेवले आहे. गोव्यातील कॅथलिक घरांत सायंकाळची जपमाळ संपली की मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. शुभंकरोतीनंतर वडीलधाऱ्यांना नमस्कार करणाऱ्या आपल्या घरांस हे वेगळे वाटू नये.

पण घंटा दिवसातून तीनदाच वाजते. दोन घंटांच्या मध्ये काय? याचे उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडते तो कोणी धर्मपंडित नव्हता. तो स्वयंपाकी होता.

फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतात सुमारे १६१४ साली निकोला हेरमान नावाचा मुलगा एका गरीब घरात जन्मला. मोठा होऊन तो शिपाई झाला, लढाईत जखमी झाला आणि लंगडत परतला. काही काळ एका श्रीमंत अधिकाऱ्याकडे त्याने सेवकाची नोकरी केली, आणि आपण धांदरट असून हाताला येईल ते फोडीत होतो, असे तो पुढे मोकळेपणाने सांगे. १६४० साली पॅरिसमधील कार्मेलाईट मठात त्याने प्रवेश घेतला. शिक्षण बेताचे, त्यामुळे पुरोहितपद नाही. धर्मबंधू म्हणून शारीरिक सेवा वाट्यास आली. ब्रदर लॉरेन्स या नावाने जग त्याला ओळखते. मठाने त्याला मुदपाकखान्यात धाडले. गंमत अशी की, स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती. त्याच कामात त्याची सुमारे पंधरा वर्षे गेली.

त्याची साधना सांगावयास अगदी सोपी आहे. कामास आरंभ करण्यापूर्वी देवाशी दोन शब्द बोलावयाचे, काम चालू असताना अधूनमधून मन त्याच्याकडे वळवावयाचे, काम चांगले झाले तर त्याचे आभार मानावयाचे आणि बिघडले तर क्षमा मागून, कुढत न बसता, पुन्हा हातातील कामास लागावयाचे. तव्यावरचे अंड्याचे धिरडे उलटावयाचे तेही देवाच्या प्रेमाखातर, आणि जमिनीवरची काडी उचलावयाची तीही त्याच्यासाठीच. प्रार्थनेच्या पद्धती शिकविणारे ग्रंथ त्याने वाचून पाहिले होते. त्यांनी गोंधळच वाढला, म्हणून ते बाजूस ठेवले. नेमलेल्या प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला अंतर वाटत नाही, असे तो म्हणे.

हे वाचताना मराठी वाचकाला जनाबाईचे जाते आणि सावता माळ्याचा मळा आठवल्याखेरीज राहणार नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे म्हणत. त्यामुळे ही आठवण अस्थानी नव्हे. मात्र एक भेद आहे. जनीसंगे दळावयास विठ्ठल येतो. लॉरेन्सच्या मुदपाकखान्यात भांडी घासावयास कोणी आले नाही. साक्षात्काराच्या कथा त्याच्यापाशी नाहीत. पहिली सुमारे दहा वर्षे त्याला विलक्षण अस्वस्थतेत काढावी लागली. आपली पापे डोळ्यांपुढे उभी राहत, देवाने आपल्याला टाकले की काय असे वाटे. ही अशांती आता जन्मभर सोबत राहणार, असे मानून त्याने तिचाही स्वीकार केला, आणि तेव्हा कोठे त्याला शांती लाभली. मन भटकते अशी तक्रार करणाऱ्या एका व्यक्तीला त्याने पत्रातून सुचविले की, श्रीमंताच्या दारी मुका किंवा पांगळा भिकारी जसा नुसता बसून राहतो तसे देवापुढे राहावे, आणि मन निसटले तर त्याला न रागावता हळूच परत आणावे.

येथे एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. ‘तुझा स्वयंपाक हीच तुझी पूजा’ हे वाक्य आपल्या घरांतून पुष्कळदा ऐकू येते, आणि ते बहुधा सोवळे नेसून देवघरात निवांत बसलेल्या पुरुषाच्या तोंडून. चार घास रांधून, उष्टी काढून थकलेल्या गृहिणीला असे सांगणे फार सोयीचे असते. लॉरेन्स ज्या सुधारित कार्मेलाईट संघाचा सदस्य होता, त्याच्या प्रवर्तक आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२). देव भांड्याकुंड्यांतही वावरतो, हे त्यांनीही आपल्या भगिनींना सांगितले आहे. पण त्यांनी मठासाठी जे नियम घालून दिले, त्यांत झाडलोटीच्या पाळ्यांची यादी मठाच्या प्रमुख भगिनीपासून सुरू करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. कामात देव आहे असे ज्यांना पटले, त्यांनी हाती केरसुणी घ्यावी, मग दुसऱ्यास उपदेश करावा.

पुढे पायाच्या दुखण्यामुळे लॉरेन्सला चुलीपाशी उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा मठवासीयांच्या पायताणांच्या दुरुस्तीचे काम त्याला देण्यात आले. हे काम बसून करता येई, आणि ते त्याला आवडेही. मोठमोठे लोक त्याला भेटावयास येत. १६६६ पासून त्याच्याशी परिचय असलेल्या जोसेफ द बोफोर या पुरोहिताने त्याचे संवाद टिपून ठेवले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी लॉरेन्स निवर्तला. दुसऱ्याच वर्षी त्याची पत्रे छापून निघाली.