ऑलिम्पिकचे आगवाले

१/८
टायटॅनिकवरचे धागे आपण पुष्कळ वाचले असतील. आजचा धागा तिच्या थोरल्या बहिणीचा, ऑलिम्पिकचा. माझे मत आरंभीच मांडते: तिच्या २४ वर्षांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा दिवस कोणत्याही सफरीचा नव्हे, तर ती बंदरातून वेळेवर निघू न शकल्याचा आहे.

२/८
बेलफास्टला बांधलेली, सुमारे ४५,००० टनांची ऑलिम्पिक १४ जून १९११ रोजी साउथहॅम्प्टनहून न्यू यॉर्कच्या पहिल्या सफरीला निघाली. सोबत लाइफबोटी अवघ्या २०. यात कायदेभंग नव्हता. ब्रिटिश नियम जहाजाचे टन मोजत असे, माणसे नव्हे.

३/८
१५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाली. मेलेल्या कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य साउथहॅम्प्टनचे रहिवासी होते. त्याच शहरातून ऑलिम्पिक २४ एप्रिलला निघायची होती. व्हाइट स्टार कंपनीने घाईने ४० घडीच्या बोटी चढवल्या. त्या नव्या नव्हत्या, सैनिकी जहाजांवरून उतरवलेल्या होत्या.

४/८
बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांनी त्या पाहिल्या. काही कुजलेल्या आहेत, उघडतही नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. लाकडी बोटींची मागणी नाकारली गेली, तेव्हा २८४ जण जहाज सोडून उतरले.

५/८
पुढे चाचणीत एक बोट सदोष निघाली. दरम्यान कंपनीने संघटनेबाहेरचे कामगार आणले. त्यांच्यासोबत जाण्यास नकार देऊन ५४ खलाशीही उतरले. त्यांच्यावर बंडाचा खटला भरला. न्यायाधीशांनी आरोप सिद्ध मानला, पण परिस्थिती पाहून ना कैद दिली, ना दंड. ऑलिम्पिक अखेर १५ मे रोजी निघाली.

६/८
‘चौकशी नेमलीच होती, सुधारणा झाल्याच असत्या,’ हा आक्षेप निराधार नाही. त्याच हिवाळ्यात जहाजाला दुहेरी कवच आणि साठांहून अधिक लाइफबोटी मिळाल्या, त्या केवळ या संपामुळे नव्हेत. पण ब्रिटिश चौकशी सुरू झाली २ मे रोजी. ‘बोटी किती’ याबरोबरच ‘बोटी तरंगतात का’ हा प्रश्न आगवाल्यांनी त्याआधीच, पोटावर पाय येईल हे जाणून, विचारला होता.

७/८
पुढची कीर्ती सर्वज्ञात आहे. महायुद्धात सैन्याची वाहतूक. मे १९१८ मध्ये यू-१०३ या जर्मन पाणबुडीला धडक देऊन जलसमाधी. ‘ओल्ड रिलायबल’ हे लाडके नाव तिला मिळाले. १९३४ मध्ये धुक्यात तिने नॅन्टुकेटच्या दीपनौकेला धडक दिली, त्यात ७ जण मेले. तेही विसरू नये.

८/८
१९३५ मध्ये ती निवृत्त झाली. पहिल्या वर्गातले कोरीव लाकूडकाम आजही इंग्लंडमधील ॲल्निकच्या एका हॉटेलात जपलेले आहे. बॉयलरखोल्यांचे लोखंड भंगारात गेले. आपण इतिहास लिहिताना तरी हीच वाटणी करू नये, एवढेच माझे म्हणणे.